वाचक विचारतात : गुलाबी हॉटेलात हसायचं नेमकं कुठे?

वेस अँडरसन यांचा ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’ (२०१४) बघा आणि कसा वाटला ते मोकळेपणाने कळवा, असं आवाहन मागच्या अंकात केलं होतं. आलेल्या पत्रांत सरळ दोन तट पडले आहेत. काहींनी तो लागोपाठ दोनदा पाहिला, तर काहींनी अर्ध्यात बंद केला. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : झुब्रोव्का नावाच्या काल्पनिक युरोपीय देशात, १९३२ साली, मस्यू गुस्ताव हा एका बड्या हॉटेलाचा व्यवस्थापक आणि झीरो हा तिथला नवा लॉबी बॉय. एका श्रीमंत वृद्धेच्या खुनाचा आळ गुस्ताववर येतो आणि एका चित्राच्या वारशावरून दोघांची पळापळ सुरू होते. खालच्या उत्तरांत शेवटही सांगितला आहे, तेव्हा बघायचा असेल तर आधी बघून घ्या.

घरात आम्ही चौघांनी मिळून पाहिला. चित्रं देखणी वाटली, पण मोठ्याने कुणीच हसलं नाही. आमचं काही चुकलं का? (नाशिक)

नाही. हा चित्रपट खो-खो हसवण्यासाठी रचलेलाच नाही. आपल्या सवयीच्या विनोदी चित्रपटात विनोद कुठे आहे हे नट सांगतो : डोळे मोठे होतात, आवाज चढतो, पार्श्वसंगीत ठसका देतं, मग हसायला दोन सेकंद मोकळे सोडलेले असतात. अँडरसन या चारही खुणा काढून घेतात. पात्रं भराभर, एका पट्टीत, तोंडावरची सुरकुती न हलवता बोलतात आणि वाक्य संपताच पुढचं दृश्य लागतं. खूण शोधणाऱ्या प्रेक्षकाला वाटतं, विनोद आलाच नाही. तो तीन सेकंदांपूर्वी येऊन गेलेला असतो.

मग तो सापडतो कुठे? बहुतेक वेळा चौकटीत. तुरुंगातला प्रसंग आठवा. कैद्यांसाठी बाहेरून आलेला खाऊ तपासायला पहारेकरी बसला आहे. समोर येईल ते तो निर्विकारपणे कापतो, ठेचतो, भोसकतो. मग गुलाबी खोका येतो. निळी फीत सुटते आणि आत झीरोच्या प्रेयसीने, आगाथाने केलेली, एकावर एक तीन गोळे रचलेली, रंगीत साखरेची नाजूक मिठाई दिसते. पहारेकऱ्याचा हात थांबतो. इतक्या सुंदर वस्तूवर सुरी चालवणं त्याच्याच्याने होत नाही आणि खोका तसाच पुढे जातो. गुस्तावच्या सुटकेसाठीचा छिन्नी-हातोडा त्या मिठाईतच आहे. या सगळ्यात संवाद नाही, कुणी डोळा मिचकावत नाही. विनोद आहे तो कापाकापीची लय मोडण्यात. आधीच्या वस्तू कशा एका ठेक्यात कापल्या गेल्या ते तुम्ही पाहिलं नसेल, मोबाइलकडे नजर गेली असेल, तर इथे हसण्यासारखं काही उरतच नाही.

आपल्याकडे लोकनाट्यात नट रंगमंचावर एक फेरी मारतो आणि दुसऱ्या गावी पोहोचतो. तिथे कुणी ‘गाडी कुठाय?’ असं विचारत नाही. संकेत एकदा मान्य केला की गंमत सुरू होते. इथेही तसंच आहे. हॉटेलाचा दर्शनी भाग हे लहान आकाराचं मॉडेल आहे, मागचे डोंगर रंगवलेले आहेत, बर्फातली घसरगाडीची शर्यत खेळण्यातल्यासारखी दिसते, आणि ती तशी दिसावी म्हणूनच केलेली आहे. ‘हे खोटं वाटतं’ असं पाच-सहा पत्रांत आहे. खोटं वाटणं हा त्या हसण्याचाच एक भाग आहे.

दुसऱ्यांदा बघणार असाल तर पहिली वीस मिनिटं फक्त गुस्तावच्या बोलण्याकडे लक्ष द्या. अत्यंत अदबीने सुरू झालेलं त्याचं वाक्य अचानक एका शिवीवर येऊन कोसळतं. त्याचं काव्यवाचनही असंच : तो कविता म्हणायला घेतो आणि दर वेळी काहीतरी घडून ती तुटते. हा ठेका कानाला एकदा सापडला की बाकीचं आपोआप उलगडत जातं. गुस्ताव साकारणाऱ्या रेफ फाइन्स यांचं टायमिंग इतकं नेमकं आहे की हसलो तर पुढचं वाक्य हुकतं. चित्रपटगृहात बरोबर हेच होतं : एका हशाखाली पुढचा विनोद बुडतो.

मध्येच पडदा चौकोनी होतो, मध्येच लांबट. टीव्हीचा बिघाड समजून आम्ही ‘झूम’ करून पाहिला. (कराड)

टीव्ही ठीक आहे. झूम मात्र काढा. तुमच्या हशाचा मोठा वाटा त्यानेच खाल्ला.

चित्रपटात काळानुसार चौकट बदलते. १९३२ चा भाग १.३७ : १ (रुंदी : उंची) म्हणजे जुन्या चित्रपटांसारखा जवळपास चौकोनी आहे. १९६८ चा भाग २.४० : १ असा लांबट, आणि १९८५ व त्यानंतरचा १.८५ : १. कुठल्या काळात आहोत हे प्रेक्षकाला न बोलता कळावं म्हणून ही योजना. आजच्या टीव्हीचा पडदा १.७८ : १ असतो. ५५ इंची टीव्हीचा पडदा सुमारे १२२ सेंमी रुंद आणि ६८.५ सेंमी उंच असतो. त्यावर १९३२ चं चित्र जेमतेम ९४ सेंमी रुंद दिसेल आणि दोन्ही बाजूंना साधारण १४-१४ सेंमीच्या काळ्या पट्ट्या राहतील. १९६८ चं चित्र ५१ सेंमी उंचीचं, वर-खाली नऊ-नऊ सेंमी काळं. काही प्रतींत चौकोनी भागालाही वर-खाली सेंटीमीटरभर पट्टी राहते, तेही बरोबरच आहे.

झूम केल्यावर चौकोनी चित्र रुंदीला भरतं खरं, पण उंचीचा जवळजवळ चौथा हिस्सा (२३ टक्के) वर-खाली कापला जातो. या भागातल्या कितीतरी चौकटींत माणूस खाली छोटासा उभा असतो आणि डोक्यावर प्रचंड छत, कमानी, झुंबर. त्याच्या रुबाबाची आणि त्या उंचीची विसंगती हाच विनोद असतो. छत कापलं की उरतो नुसता उभा माणूस. ‘स्ट्रेच’ केलंत तर आणखी वाईट : माणसं रुंद होतात आणि अँडरसन यांनी मोजून साधलेली वर्तुळं लंबगोल होतात.

सेटिंग असं ठेवा. पिक्चर साइझ १६:९, त्यात ‘फिट टू स्क्रीन’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ चालू. पिक्चर मोड ‘मूव्ही’, ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’. ‘व्हिविड’ मोडवर हॉटेलाचा फिका गुलाबी भडक राणी रंगाकडे जातो आणि गणवेशाचा जांभळा निळसर दिसतो. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. सॅमसंगवर ती ‘ऑटो मोशन प्लस’, एलजीवर ‘ट्रूमोशन’ आणि सोनीवर ‘मोशनफ्लो’ या नावाने सापडेल. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा आहे. टीव्हीने मधल्या चौकटी स्वतः रचून भरल्या की कॅमेरा झटक्यात ९० अंश वळतो त्या जागा चिखलासारख्या पसरतात आणि झटका मरतो. हे सगळं करायला तीन मिनिटं लागतात.

इंग्रजी कळतं, पण वेग झेपत नाही. सबटायटल लावावीत का? (अकोला)

जरूर लावा, इंग्रजीच लावा. नंतर एकच प्रसंग सबटायटल बंद करून पुन्हा बघा : गुस्ताव झीरोची मुलाखत घेतो तो. हॉटेलच्या कामाचा अनुभव काय? पोरगा तीन-चार ठिकाणची हरकामी नोकरी सांगू लागतो. गुस्ताव शेरा मारतो : अनुभव, झीरो. शिक्षण? तो कसंबसं काही सांगायला जातो. शिक्षण, झीरो. कुटुंब? आता पोरगा स्वतःच म्हणतो, झीरो.

पहिल्या दोन वेळा तो शब्द साहेबाचा तुसडा शेरा आहे. तिसऱ्यांदा तो पोराच्या तोंडून येतो आणि हसू घशात अडकतं. शिवाय हे त्याचं नावही आहे. भाषांतरात ‘शून्य’ लिहिलं की नावाशी असलेला धागा तुटतो. मित्रमंडळींसाठी कुणी मराठी सबटायटल करत असाल तर ‘झीरो’ हाच शब्द ठेवा. मराठीत तो रोज वापरतातच.

आणखी एक अडचण. या चित्रपटात वर्तमानपत्रं, पत्रं, मृत्युपत्र, पाट्या असं वाचायचं बरंच आहे आणि सबटायटल नेमकी त्यांवर बसतात. व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये सबटायटलची जागा वर-खाली सरकवता येते, त्याचा उपयोग करा.

मांजर खिडकीतून फेकतात, बोटं तुटतात, आणि बाजूचे लोक हसतात! हे आम्हाला किळसवाणं वाटलं. (पणजी)

वाटणं रास्त आहे. या दोन जागांवर चित्रपटगृहात नेहमीच निम्मे हसतात आणि निम्मे दचकतात. घडतं असं : वकील कोवॅक्स आणि वृद्धेचा मुलगा दिमित्री यांची तावातावाने बोलणी चालू असताना जॉपलिंग नावाचा गुंड मांजर उचलून खिडकीबाहेर टाकतो. कुणी किंचाळत नाही. क्षणभर शांतता, आणि मग वकील विचारतो, की याने आत्ता माझं मांजर खिडकीबाहेर फेकलं का? हशा येतो तो त्या सभ्य चौकशीला, मांजराच्या मरणाला नव्हे. थोड्याच वेळाने, पुढच्या एका प्रसंगात, सरकत्या दारात त्याच वकिलाची बोटं कापली जातात. तिथे चौकशी करायला कुणी नसतं. हसणारे बहुतेक तिथे गप्प होतात, आणि ते व्हावेत म्हणूनच क्रम असा लावला आहे. खुसखुशीत खोक्यासारख्या या जगात खरा क्रूरपणा शिरला आहे, हे तिथे कळतं.

अमेरिकेत चित्रपटाला ‘आर’ म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्यांसोबतच पाहावा असं प्रमाणपत्र होतं. पुढे टोपलीत कापलेलं डोकं दिसतं, एक बीभत्स चित्र आणि भरपूर शिव्याही आहेत. पेस्ट्रीचा खोका बघून लहान मुलांना समोर बसवू नका. दोन पत्रांत हा प्रकार झालेला दिसतो.

आमच्या चित्रपट मंडळात साठेक सभासद आहेत. हा चित्रपट दाखवला तर लोक उठून जातील का? तयारी काय करावी? (सांगली)

काही उठतील, पण तयारी नीट असेल तर थोडे.

आधी परवानगी. ओटीटीचं वर्गणीचं खातं किंवा घरी आणलेली ब्लू-रे ही घरगुती पाहण्यापुरती असते. सभागृहात दाखवायचा तर हक्कधारकाकडून प्रदर्शनाची लेखी परवानगी घ्यावी लागते. इतर मंडळं वितरकाशी कसा व्यवहार करतात ते विचारून घ्या.

पडदा आठ फूट रुंद आणि साडेचार फूट उंच धरला, तर १९३२ चं चित्र सहा फुटांहून थोडंच जास्त रुंद पडेल आणि १९६८ चं उंचीला तीन फूट चार इंच. चित्रपटाचा बहुतांश भाग १९३२ चा आहे, म्हणून शेवटची रांग पडद्यापासून पंचवीस फुटांपेक्षा लांब ठेवू नका; साठ खुर्च्या अर्धगोलात मावतात. प्रोजेक्टर १६:९ चा मिळवा. शाळा-महाविद्यालयांतल्या जुन्या ४:३ प्रोजेक्टरवर या चित्राभोवती चारही बाजूंनी काळं राहतं आणि १०२४ × ७६८ पैकी जेमतेम ५८ टक्के भाग वापरला जातो. तीन हजार ल्युमेनचा उजेड चालेल, पण खोली पूर्ण अंधारी हवी. खिडकीच्या पडद्यांच्या फटीतून उजेड आला तर काळ्या पट्ट्या राखाडी दिसतात आणि चौकट बदलल्याचा परिणाम जातो. ऑपरेटरला आधीच सांगून ठेवा, ‘चौकट बदलेल, हात लावू नका.’ अनेक खेळांत चित्र चौकोनी झालं की कुणीतरी घाईने रिमोट दाबतं.

आवाज संवादांवर जमवा, संगीतावर नाही. अलेक्सांद्र देस्प्ला यांचं संगीत तंतुवाद्यांच्या बारीक, टोकदार सुरांचं आहे. ते कानाला गोड लागेपर्यंत आवाज वाढवला तर बोलणं त्याच्याखाली दबतं. शेवटच्या रांगेत बसून मुलाखतीचा प्रसंग लावून बघा. प्रत्येक शब्द सुटा ऐकू आला पाहिजे.

लांबी साधारण शंभर मिनिटं, म्हणजे इंटरव्हल नसेल तर उत्तम. घ्यावाच लागला तर घड्याळ बघून पन्नासाव्या मिनिटाला तोडू नका. चित्रपटात शीर्षकांचे पाच भाग आहेत. गुस्तावला अटक होते आणि तिसऱ्या भागाची पाटी येते, त्या पाटीच्या आधी थांबा.

सुरुवातीला तीन मिनिटांपेक्षा जास्त बोलू नका आणि ‘फार विनोदी आहे’ असं तर अजिबात म्हणू नका. लोक मग हसायची जागा शोधत बसतात. एवढंच सांगा : चौकटीचा आकार बदलेल, गोष्टीत गोष्ट आहे (मुलगी पुस्तक वाचते, पुस्तकात लेखक बोलतो, लेखकाला म्हातारा झीरो सांगतो), आणि पहिली दहा मिनिटं ही दारं उघडण्यात जातात. उठून जाणारे बहुतेक याच दहा मिनिटांत वैतागलेले असतात.

चर्चेत ‘आवडला का?’ विचारलं तर ‘छान होता’ एवढंच हाती लागतं. त्याऐवजी दोन जणांना मागे बसवून हशाच्या वेळा टिपायला सांगा : मिनिट, आणि मोठा हशा की एकट्यादुकट्याचा. नंतर ती यादी वाचून विचारा, की इथे अर्धे हसले, बाकीच्यांना काय वाटलं? साठ जणांच्या खोलीत यावर तासभर बोलणं होतं.

‘नुसती सजावट आहे, आत काही नाही’ असं माझे वडील म्हणतात. काय उत्तर द्यावं? (पुणे)

त्यांना आगगाडीचे दोन प्रसंग पाठोपाठ दाखवा. पहिल्यांदा बार्लीच्या शेतापाशी सैनिक गाडी थांबवतात, झीरोचे कागद अपुरे म्हणून झटापट होते, पण अधिकारी गुस्तावच्या ओळखीचा निघतो आणि परवाना मिळतो. सभ्यता जिंकते. शेवटाकडे तसंच शेत, तशीच गाडी, तीच झटापट, पण आता चित्र कृष्णधवल झालंय. नवे सैनिक तो परवाना फाडून टाकतात. गुस्तावला गोळी घातली हे आपल्याला दिसतही नाही. म्हातारा झीरो एका वाक्यात सांगतो. आगाथा आणि तान्हं बाळ साथीच्या तापाने गेल्याचंही तसंच, घाईघाईत. ज्या वेगाने दीड तास हसवलं, त्याच वेगाने दुःख उरकलं जातं, कारण सांगणाऱ्याला तिथे थांबणं सोसत नाही. स्टेफान त्स्वाइग या ऑस्ट्रियन लेखकाच्या लेखनातून प्रेरणा घेतल्याचं अँडरसन यांनी श्रेयनामावलीतच नोंदवलं आहे. नाझींमुळे देशोधडीला लागलेल्या त्स्वाइग यांनी १९४२ मध्ये ब्राझीलमध्ये आत्महत्या केली. ती सजावट एका मोडून गेलेल्या जगाची आहे.

बर्लिन महोत्सवात २०१४ ला ज्युरींचा ग्रँड प्रिक्स आणि पुढच्या वर्षी चार ऑस्कर (वेशभूषा, रंगभूषा, कलादिग्दर्शन, संगीत) मिळाले, हे मात्र उत्तर म्हणून देऊ नका. पुरस्कारांनी कुणाचं मत बदलत नाही, आणि हे चारही पुरस्कार वडिलांच्याच बाजूने वापरता येतात! त्यांचा आक्षेप ‘ॲस्टरॉइड सिटी’बद्दल (२०२३) असता तर आम्ही बऱ्याच अंशी मान्य केला असता. तिथे नाटक आणि त्या नाटकाबद्दलचा टीव्ही कार्यक्रम अशी पदरांची गुंतागुंत भावनेच्या वाटेत येते.

अँडरसन यांचा दुसरा कुठला बघावा? (लातूर)

‘द दार्जिलिंग लिमिटेड’ (२००७). चित्रीकरण राजस्थानात झालं, इरफान खान छोट्या भूमिकेत आहेत आणि सत्यजित राय यांच्या चित्रपटांतलं संगीत वापरलं आहे. राय यांच्यावरचं अँडरसन यांचं प्रेम जुनं आहे. २०२५ मध्ये कान चित्रपट महोत्सवात राय यांच्या ‘अरण्येर दिन रात्रि’ची पुनर्संस्कारित प्रत त्यांनीच सादर केली.

कॉलेजच्या लघुपटासाठी अशी शैली मोबाइलवर जमेल का? आम्ही केलं ते सुंदर दिसतं, पण कुणी हसत नाही. (कोल्हापूर)

२०२३ मध्ये अशा नकलांची समाजमाध्यमांवर लाटच आली होती आणि बहुतेकांचं हेच झालं : मध्यभागी माणूस, फिके रंग, सरळ चेहरा, पण घडत काहीच नाही. म्हणून कॅमेरा नंतर. आधी कागद. अँडरसन चित्रीकरणाआधी साध्या रेखाटनांची चलत्‌फीत बनवतात आणि संवाद स्वतःच्या आवाजात बोलतात. तुमच्या तीन मिनिटांच्या लघुपटाला काडीमाणसांची २०-२५ चित्रं पुरतील. मोबाइलवर संवाद बोलून ती जुळवा आणि चार अनोळखी जणांना दाखवा. काडीमाणसांवर हसू आलं नाही तर गुलाबी भिंत रंगवून येणार नाही.

मग चौकट. फोन ट्रायपॉडवर, मुख्य लेन्सवर (१एक्स). ०.५एक्सवर कडेच्या रेषा वाकतात. भिंतीच्या दोन्ही कोपऱ्यांपासून ट्रायपॉडपर्यंत सुतळी धरा. दोन्ही लांब्या सारख्या झाल्या म्हणजे फोन मधोमध आला. माणूस पूर्ण उभा दाखवायचा तर लेन्स खोलीच्या निम्म्या उंचीवर, दहा फुटी छताला पाच फूट. फोन वर किंवा खाली झुकवू नका, नाहीतर दाराच्या उभ्या रेषा तिरप्या होतात. ग्रिड चालू करून चौकटीची रेष दाराच्या बाहीशी जुळवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून २५ फ्रेम्स आणि शटर १/५० ठेवा. ३० फ्रेम्सवर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकू शकतं. कॅमेरा झटक्यात वळवायचा असेल तर ट्रायपॉडच्या मानेवर सुरुवात आणि शेवट खडूने खुणावून ठेवा. शेवटची चौकट दोन अंश चुकली तरी सगळी मजा जाते, तेव्हा पाच-सहा टेक धरूनच चला.

नटांना ‘सरळ चेहरा ठेवा’ म्हटलं की ते दगड होतात. त्यांना घाई द्या : पात्राला कुठेतरी पोहोचायचंय आणि समोरचा वेळ खातोय. घाईतला सभ्य माणूस आपोआप निर्विकार दिसतो. संकलनात शेवटच्या शब्दानंतर फक्त बारा ते पंधरा फ्रेम्स, म्हणजे अर्धा सेकंद, सोडा आणि कापा. तुमच्या पाठवलेल्या फितीत प्रत्येक विनोदानंतर दीड-दोन सेकंद नट कॅमेऱ्याकडे बघतोय. सगळ्यात आधी ते काढून बघा.